तीस शिलिंगांचा कारागीर

पुष्कळ सुशिक्षित घरांत आज एखादा मुलगा अथवा सून मोठ्या कारखान्याच्या 'डिझाइन' खात्यांत वरिष्ठ मेकॅनिकल इंजिनीयरच्या हुद्द्यावर असते, आणि घरीं आलेल्या पाहुण्यानें 'म्हणजे काम काय करावें लागतें?' असें विचारलें, कीं वडील मंडळी अडखळतात. डॉक्टर रोगी तपासतो, वकील कोर्टांत उभा राहतो, ओव्हरसियर पूल बांधून घेतो. परंतु जो मनुष्य यंत्राचा शोधहि लावीत नाहीं आणि घण घेऊन तें घडवीतहि नाहीं, त्याला पगार कशाबद्दल मिळतो, हें चार शब्दांत सांगणें खरोखरच अवघड आहे. इतिहासकारांचीहि अशीच अडचण झालेली दिसते. त्यांनीं शोधकांचीं चरित्रें लिहिलीं, भांडवलवाल्यांचीं लिहिलीं, मजुरांच्या हालअपेष्टांवरहि ग्रंथ लिहिले. पण कल्पना आणि वस्तु यांच्या मधल्या ओसरीवर जो बसलेला असतो, ज्याच्या हातून कल्पनेला हातपाय फुटतात, त्याच्या वांट्याला बहुधा एखादी तळटीप येते.

या धंद्याचा मूळपुरुष कोण, असें कोणी आम्हांस विचारलेंच, तर आम्ही हेन्री मॉडस्ले या इंग्रज लोहाराचें नांव घेऊं. तो शाळेंत फारसा रमला नाहीं. वाफेच्या यंत्राशीं जसें वॅटचें नांव जोडलें गेलें आहे, तसा त्याच्या नांवाशीं जोडलेला एकहि जगप्रसिद्ध शोध नाहीं. आणि जो शोध त्याच्या नांवावर चढविण्याची वहिवाट पडली आहे, तोहि सर्वस्वीं त्याचा नव्हे. असें असूनहि एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या यंत्रवैभवाचा धागा उलगडीत मागें गेलें, कीं पुष्कळ वेळां आपण त्याच्याच कारखान्याच्या दाराशीं येऊन पोहोंचतों.

कथेचा आरंभ एका कुलपापासून होतो. जोसेफ ब्रामा हा यॉर्कशायरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १७४८ चा. पोरवयांत पाय अधू झाल्यामुळें शेतीचें काम सुटलें आणि तो सुतारकाम शिकून लंडनला आला. श्रीमंतांच्या घरीं शौचकूप बसवितां बसवितां त्यांतील दोष त्याच्या ध्यानांत आले व १७७८ सालीं त्यानें सुधारलेल्या शौचकूपाचें पेटंट घेतलें. १७८४ सालीं त्यानें दुसरें पेटंट घेतलें, तें कुलपाचें. या कुलपाची किल्ली म्हणजे एक बारीक नळी. तिच्या तोंडाशीं कमीअधिक खोलीच्या खांचा पाडलेल्या. कुलपाच्या पोटांत तितक्याच सरकत्या पट्ट्या. किल्ली आंत दाबली म्हणजे प्रत्येक पट्टी आपापल्या खांचेच्या मानानें मागें सरकते, आणि सर्व पट्ट्या एकाच वेळीं नेमक्या जागीं आल्या तरच कुलपाचें नळकांडें फिरतें. एखादी पट्टी केसभर पुढें राहिली वा मागें गेली, तरी कुलूप जागचें हालत नाहीं.

सगळी अडचण त्या 'केसभर' शब्दांत होती. युक्ति नामी होती. परंतु तिचें सगळें सामर्थ्य ज्या नेमकेपणावर उभें होतें, तो नेमकेपणा त्या काळच्या लंडनमध्यें सहजासहजीं विकत मिळत नव्हता. लोखंडाचें बारीक काम त्या वेळीं कानस, छिन्नी आणि हातोडा यांवर चाले. ब्रामानें उत्तमांतले उत्तम कारागीर पाहिले. पण एकानें केलेला भाग दुसऱ्यानें केलेल्या भागांत बसेना, आणि बसविण्यांत इतके दिवस जात कीं कुलपाची किंमत गिऱ्हाइकाच्या आवांक्याबाहेर जाई. म्हणजे शोध लागला होता, पेटंट हातीं होतें, आणि माल मात्र तयार होत नव्हता. आजहि कारखान्यांत ज्या मनुष्याला वरिष्ठ म्हणून बोलावितात, तो नेमका अशा वेळीं लागतो.

मॉडस्लेचा जन्म १७७१ सालीं वुलविच येथें झाला. बाप लढाईंत जखमी झालेला, व पुढें तेथील सरकारी शस्त्रागारांत कामास लागलेला. मुलगा बाराव्या वर्षीं त्याच शस्त्रागारांत काडतुसें भरूं लागला. दोन वर्षांनीं त्याला सुतारशाळेंत घातलें. पण त्याचें मन शेजारच्या लोहारशाळेंत, भात्यापाशीं आणि ऐरणीपाशीं. शेवटीं वरिष्ठांनीं त्याला तिकडेच लोटला. अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या कानशीची कीर्ति वुलविचच्या बाहेर गेली होती, आणि ती ऐकून ब्रामानें १७८९ सालीं त्याला बोलावून घेतलें.

येथें सॅम्युएल स्माइल्स यानें एक गोष्ट दिली आहे. पोरसवदा मॉडस्लेला पाहून ब्रामा घुटमळला. शिवाय रिवाजाप्रमाणें सात वर्षांची उमेदवारीहि त्याची झालेली नव्हती. अशा मुलाला घेतलें तर जुने कारागीर कुरकुर करतील ही भीति. तेव्हां कारखान्यांत एक झिजून निकामी झालेला व्हाइस, म्हणजे लोखंड पकडण्याचा सांडसा, पडला होता, त्याकडे बोट करून मुलानें म्हटलें, कीं संध्याकाळीं सहाच्या आंत हा नवा करून दाखवितों. त्यानें तो दुरुस्त केला, कानशीनें घांसून साफ केला, आणि त्याला कामावर घेण्यांत आलें. स्माइल्सचा ग्रंथ १८६३ चा, म्हणजे मॉडस्लेच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांचा. आणि होतकरू मुलांना उपदेश करण्याची त्या ग्रंथकाराला भारी हौस. म्हणून या गोष्टीच्या तपशिलावर आम्ही पैज लावणार नाहीं. परंतु परीक्षेची रीत मोठी मार्मिक आहे यांत संशय नाहीं: नवें हत्यार मागितलें नाहीं, होतें तेंच ठाकठीक करून दिलें.

मॉडस्लेनें ब्रामाची अडचण कशी सोडविली? अधिक मन लावून कानस चालविली, असें नव्हे. त्यानें कुलपें करण्याच्या आधीं कुलपें करणारीं यंत्रें केलीं. नळकांड्यांत खांचा पाडण्याचें एक, कुलपाच्या स्प्रिंगा गुंडाळण्याचें एक, अशीं हीं यंत्रें होतीं, आणि त्यांतील कांहीं लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. स्प्रिंगा गुंडाळण्याचें यंत्र तर विशेष पाहण्यासारखें. तार धरून ठेवणारा भाग एका लांब पेचावर आपोआप पुढें सरकतो, आणि दांतेरी चाकें बदललीं कीं वेढ्यांमधील अंतर बदलतें. पुढें ज्या लेथानें त्याचें नांव झालें, तिचें बीज या स्प्रिंगेच्या यंत्रांत पडलेलें आहे. कारागिराच्या बोटांतलें कसब काढून यंत्राच्या अंगीं घालावयाचें, मग तें यंत्र कोणीहि चालवो, ही त्यामागची कल्पना. ती पुढें किती दूर गेली, तें आपण पाहूंच.

ब्रामानें पिकॅडिलींतील आपल्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप टांगलें, आणि जो कोणी तें किल्लीवांचून उघडील त्यास दोनशें गिनी देऊं, अशी पाटी लाविली. हें कुलूप मॉडस्लेच्या हातचें समजलें जातें. मॉडस्ले वारला, ब्रामा त्याच्याहि आधीं १८१४ सालीं वारला होता, आणि कुलूप तसेंच बंद. १८५१ सालीं लंडनांत मोठें प्रदर्शन भरलें, त्या वेळीं अमेरिकेहून आलेल्या हॉब्स नांवाच्या कुलूपवाल्यानें तें उघडलें. त्यासाठीं त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन तास खपावें लागलें. कुलूप उघडलें हें खरें. परंतु ज्या चोराला एका तिजोरीपाशीं सोळा दिवस बसूं देतात, असें घर आम्ही अद्याप पाहिलें नाहीं.

कुलपाहूनहि महत्त्वाचें प्रकरण जलदाबयंत्राचें. या यंत्राचें पेटंट ब्रामानें १७९५ सालीं घेतलें. तत्त्व पास्कालचें: बारीक दट्ट्यानें पाण्यावर थोडा दाब दिला, कीं तोच दाब रुंद दट्ट्याखालीं अनेकपटीनें बळ देतो. पण मोठ्या दट्ट्याच्या कडेनें पाणी उसळून बाहेर येई. ती फट ताग वगैरे ठांसून घट्ट बुजविली, तर दट्ट्या वर गेलेला खालीं येईना; सैल ठेविली, तर पाणी कोंडेना. अशा पेंचांत असतां चामड्याची एक कडी करून बसविण्यांत आली. तिची कड अशी दुमडलेली, कीं पाण्याचा दाब त्या घडीच्या आंत शिरून चामड्यालाच दट्ट्यावर चिकटवी. दाब वाढला कीं कडी अधिक आवळे. दाब गेला कीं आपोआप सैल होई. जी शक्ति गळती करीत होती, तिलाच गळती थांबविण्याच्या कामास लाविलें! आमच्या मतें यंत्ररचनेच्या सर्व इतिहासांत इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तु क्वचितच सांपडेल. पुढें वेल्समध्यें ब्रिटानिया पुलाच्या प्रचंड लोखंडी नळ्या ज्या यंत्रांनीं उचलल्या आणि मुंबईस कापसाच्या गांठी ज्या जलदाबयंत्रांनीं आवळल्या, तीं याच कुळांतलीं. ही कडी मॉडस्लेची, असें त्याच्या शिष्यांकडून आलेलें सांगणें आहे. पेटंट अर्थातच ब्रामाच्या नांवचें.

या सुमारास मॉडस्ले ब्रामाच्या कारखान्याचा मुख्य झाला होता. १७९१ सालीं त्यानें ब्रामाच्याच घरीं चाकरीस असलेल्या सेरा टिंडेल हिच्याशीं लग्न केलें, मुलेंबाळें झालीं. पगार आठवड्यास तीस शिलिंग, म्हणजे दीड पौंड. १७९७ सालीं त्यानें वाढ मागितली, ती ब्रामानें नाकारली, आणि मॉडस्ले नोकरी सोडून बाहेर पडला.

ब्रामाला कंजूष ठरवून मोकळें होणें सोपें आहे, आणि बहुतेक चरित्रकारांनीं तसें केलेंहि आहे. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. सामान्य लोहाराच्या मानानें तीस शिलिंग ही कांहीं थोडी मजुरी नव्हती. खरी गोम अशी, कीं मॉडस्ले जें काम करीत होता, त्या कामाला तेव्हां नांवच नव्हतें. आणि ज्या कामाला नांव नाहीं त्याला दरहि नसतो. मालकाच्या वहींत तो लोहार होता, आणि लोहाराच्या मजुरीची कमाल मर्यादा त्यानें गांठली होती. गंमत अशी, कीं सरकारला मात्र अशा हातांची किंमत पक्की ठाऊक होती. कुशल कारागिरानें परदेशांत जाऊन धंदा करूं नये, असा इंग्लंडचा कायदाच होता, आणि तो १८२४ पर्यंत उठला नाहीं. म्हणजे देशाबाहेर जाऊं देण्याइतका स्वस्त नव्हे, आणि देशांत तीस शिलिंगांहून महाग नव्हे, अशी ही स्थिति! ब्रामाचीहि या बाबतींतली नीति मोठी चमत्कारिक होती. स्वतःच्या पेटंटांबद्दल तो डोळ्यांत तेल घालून असे. पण जेम्स वॅटच्या पेटंटाचा खटला चालला, तेव्हां तो वॅटच्या विरुद्ध साक्ष द्यावयास उभा राहिला, आणि त्या विषयावर त्यानें न्यायाधीशास उद्देशून एक पत्रहि छापून काढलें. शोध आपला असेल तेव्हां मालमत्ता, दुसऱ्याचा असेल तेव्हां लोकांचें हक्काचें पाणी, हा न्याय त्याच्याबरोबर संपला असें आम्हांस वाटत नाहीं.

मॉडस्लेनें ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर लहानसें दुकान मांडलें. येथून पुढें त्याच्या आयुष्याचा खरा विषय म्हणजे पेच. आज आपण बाजारांतून नट आणतों आणि दुसऱ्या दुकानांतून आणलेल्या बोल्टावर तो फिरवितों. तो बसला नाहीं तर दुकानदाराशीं भांडतों. त्या काळीं भांडण उलट झालें असतें. प्रत्येक बोल्टाचे आटे निराळे. कारागीर कानशीनें किंवा हातांतल्या पटाशीनें ते जमेल तसे पाडी, आणि अमुक नट अमुक बोल्टाचा हें ओळखण्यासाठीं खुणा करून ठेवी. यंत्र खोलल्यावर त्यांची सरमिसळ झाली, तर जोड्या जुळवितां जुळवितां दिवस जाई. मॉडस्लेनें निदान आपल्या कारखान्यापुरती आट्यांची मापें ठरवून टाकलीं आणि त्या मापांचीं हत्यारें करून ठेविलीं. त्याच्याच हाताखालीं काम करून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं सबंध देशासाठीं आट्यांचें एक प्रमाण सुचविलें, आणि तें इंग्रजी राज्याबरोबर आपल्याकडेहि आलें. आपल्याकडील मिस्त्री इंचाचे आठ सूत पाडून 'दोन सूत', 'तीन सूत' अशीं मापें तोंडपाठ बोलत आले. त्या सुतांच्या बोल्टांवर जे आटे होते, ते पुष्कळदां व्हिटवर्थचेच असत.

आतां अचूक पेच पाडावयाचा कसा? लेथीवर हत्यार हातांत धरलें, तर हात थरथरणारच. म्हणून तें एका लोखंडी पकडींत घट्ट बसवावयाचें, ती पकड लांब पेचानें सरकवावयाची, आणि तो पेच दांतेरी चाकांनीं फिरत्या कामाशीं जोडावयाचा; चाकें बदललीं कीं आटे बारीक वा जाड. १८०० च्या सुमाराची मॉडस्लेची अशी लेथ आज विज्ञान-संग्रहालयांत आहे. परंतु वाचकांच्या मनांत शंका येईल, कीं नवा पेच जुन्या पेचावरून निघत असेल, तर पहिला पेच कोठून आणला? हा बीजवृक्षन्याय मॉडस्लेनें असा तोडला: मऊ पदार्थाचा एक गोल दांडा फिरत ठेवून त्यावर चंद्रकोरीच्या आकाराची सुरी हिशेबानें ठरविलेल्या कोनांत तिरपी टेकविली. सुरी त्या तिरपेपणामुळें स्वतःच पुढें सरकत जाई आणि मागें आटे उमटवी. यांतून जो बरा उतरला, त्यावरून दुसरा. दुसऱ्यांतील चुका शोधून, सुधारून, तिसरा. याच मार्गानें त्यानें एक पांच फूट लांब व दोन इंच जाडीचा पेच तयार केला; त्याला इंचास पन्नास आटे, आणि त्यावरील नट बारा इंच लांबीचा, म्हणजे एकाच वेळीं सहाशें आटे पकडणारा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही लेथ मॉडस्लेनें शून्यांतून निर्माण केली, असें जें लिहिलेलें आढळतें, त्याचें मूळ जेम्स नास्मिथच्या लेखनांत आहे. नास्मिथ हा त्याचा लाडका शिष्य, आणि शिष्याची कृतज्ञता ही इतिहासाची साक्ष धरतां येत नाहीं. लंडनमध्येंच जेसी रॅम्सडेन यानें वीसएक वर्षें आधीं सूक्ष्म उपकरणांसाठीं पेच पाडण्याचीं यंत्रें केलीं होतीं. फ्रान्समध्यें सेनो याची १७९५ ची लेथ प्रसिद्ध आहे. मॉडस्लेचा विशेष हा, कीं घड्याळें आणि दुर्बिणी करणारांची नाजुक वस्तु त्यानें दणकट लोखंडाची केली आणि रोजच्या कामाला जुंपली. यांत त्याची थोरवी कमी होते असें कोणास वाटल्यास वाटो. आम्हांस ती येथेंच दिसते.

पेचाइतकाच त्याला सपाटीचा ध्यास होता. सपाट पृष्ठ म्हणजे काय, हें भूमितींत एका ओळींत सांगतां येतें; लोखंडांत तें आणणें फार कठीण. दोन पत्रे एकमेकांवर घांसून जुळविले तर ते सपाट झालेच असें नाहीं. एक किंचित् फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असूनहि ते बेमालूम बसतील. म्हणून तीन पत्रे घ्यावयाचे. पहिला दुसऱ्याशीं जुळला, दुसरा तिसऱ्याशीं जुळला, आणि तिसरा पुन्हां पहिल्याशीं जुळला, तर मग तिघांनाहि सपाट असण्यावांचून गत्यंतरच नाहीं. कारण फुगीर पत्रा एका खोलगटाशीं जमेल, परंतु दोघे फुगीर एकमेकांशीं जमणार नाहींत. दोघांची संगनमतानें चाललेली लबाडी तिसऱ्यानें उघडकीस आणावी, तसाच हा प्रकार. ही रीत पुढें व्हिटवर्थनें पूर्णत्वास नेली व तिच्यावर आपलें नांव कोरलें. परंतु मॉडस्लेच्या कारखान्यांत कारागिरांच्या मेजांवर असे पत्रे ठेविलेले असत, आणि आपलें काम त्यांवर टेकवून पाहण्याचा शिरस्ता होता. कोणाच्या मापाबद्दल वाद झालाच, तर तो मॉडस्लेच्या खास मापकापुढें न्यावयाचा. इंचास शंभर आट्यांचा पेच, त्यावर शंभर भाग पाडलेलें चाक, म्हणजे इंचाच्या दहा हजाराव्या हिश्शापर्यंत निवाडा. त्या उपकरणाला तो 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणे. त्याच्यावर अपील नसे.

वेल्स स्ट्रीटवरच्या दिवसांत त्याच्याकडे मार्क ब्रुनेल नांवाचा एक फ्रेंच निर्वासित नकाशांची गुंडाळी घेऊन आला. शिडांच्या जहाजांना कप्प्या लागत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका लढाऊ जहाजास हजाराच्या वर. इंग्लंडच्या आरमाराला दरसाल लाखभर कप्प्यांची गरज पडे, आणि त्या बहुतांशीं हातानें होत. ब्रुनेलनें त्या यंत्रानें करण्याची योजना आंखली व १८०१ सालीं पेटंट घेतलें. आरमारी बांधकामाचा निरीक्षक सॅम्युएल बेंथम, तत्त्ववेत्त्या जेरेमी बेंथमचा भाऊ, यानें ती उचलून धरली. यंत्रें करण्याचें काम मॉडस्लेकडे आलें. त्यानें आधीं नमुने करून दाखविले आणि पुढील पांचसहा वर्षांत पोर्टस्मथच्या गोदीसाठीं सुमारें पंचेचाळीस यंत्रें घडविलीं. एक लांकूड कापी, दुसरें भोंक पाडी, तिसरें तें लांबवून खोबण करी, चौथें एका मोठ्या चाकावर दहा कप्प्या एकदम बसवून त्यांच्या बाजू गोलावी. एका यंत्रावरून दुसऱ्यावर माल सरकत जावा आणि शेवटीं कप्पी बाहेर पडावी, असा हा क्रम. १८०८ सालीं येथें एक लाख तीस हजार कप्प्या झाल्या. हीं यंत्रें सगळीं लोखंडाचीं होतीं, आणि त्यांतील कांहीं तर विसाव्या शतकांतहि काम देत होतीं.

आतां या कामाचें श्रेय कोणाचें? ब्रुनेलला सरकारनें एका वर्षाच्या बचतीच्या हिशेबानें सतरा हजारांवर पौंड दिले, आणि तें योग्यच होतें; तरीहि त्याचे इतर व्यवहार असे फसले, कीं १८२१ सालीं तो कर्जापायीं बायकोसह तुरुंगांत गेला. बेंथमची चिकाटी नसती, तर योजना दप्तरांत राहिली असती. पण ब्रुनेलच्या कागदावरील यंत्र आणि पोर्टस्मथच्या जमिनीवर चाळीस, पन्नास, शंभर वर्षें न कुरकुरतां फिरणारें यंत्र यांत जें अंतर आहे, तें मॉडस्लेनें तोडलें. कोणता भाग किती जाड असावा, कोठें हिसका बसेल, कोणता आधीं झिजेल आणि तो सहज काढून बदलतां कसा येईल, याचा निर्णय त्याचा. आणि असल्या निर्णयांचें पेटंट मिळत नाहीं.

याच कथेला दुसरीहि बाजू आहे, आणि ती न सांगणें लबाडीचें होईल. पोर्टस्मथच्या यंत्रांची वाखाणणी करतांना जो आंकडा सर्वत्र देतात, तो असा, कीं एकशें दहा कुशल कारागिरांचें काम दहा अकुशल माणसें करूं लागलीं. बचतीचे पौंड मोजून ब्रुनेलला दिले गेले. उरलेल्या शंभरांचें काय झालें, याचा हिशेब या आंकड्यासोबत कोणी देत नाहीं. आणि ज्यानें हीं यंत्रें केलीं, तो स्वतः कसबाचा परमभक्त! ज्या मनुष्याच्या कानशीकडे पाहात त्याचे शिष्य तासन् तास उभे राहत, त्यानेंच कानशीचें राज्य संपविलें. त्याला यांत विसंगति दिसली होती किंवा नाहीं, हें त्याच्याविषयीं लिहिलेल्या ग्रंथांवरून कळत नाहीं. त्याच्या कारखान्यांत मात्र कुशल माणसांची संख्या वाढतच गेली, कारण यंत्रें करणारीं यंत्रें करावयास त्यांची गरज होती. वरची फांदी कापली गेली आणि खोडाला नवे धुमारे फुटले, असें म्हणावें तर फांदीवर बसलेल्यांचें समाधान त्यानें होत नाहीं.

१८१० सालीं कारखाना लॅम्बेथ येथें गेला आणि तेथें जहाजांचीं वाफेचीं यंत्रें होऊं लागलीं. हें ठिकाण म्हणजे एक गुरुकुलच झालें. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमेंट, व्हिटवर्थ, नास्मिथ हे सगळे येथून गेले. नास्मिथ १८२९ सालीं एडिंबरोहून आला, तेव्हां पैसे घेऊन उमेदवार ठेवण्याची पद्धत मॉडस्लेनें बंद केली होती. श्रीमंतांचीं मुलें फी भरीत आणि काम शिकत नसत. चित्रकाराच्या या मुलानें स्वतः काढलेले नकाशे आणि स्वतः केलेलें लहानसें वाफेचें यंत्र समोर ठेविलें, तेव्हां म्हाताऱ्यानें त्याला शिष्य म्हणून नव्हे तर आपला खासगी साहाय्यक म्हणून ठेवून घेतलें. पगार आठवड्यास दहा शिलिंग. त्यांत भागावें म्हणून नास्मिथनें स्वतःसाठीं एक स्वयंपाकाची शेगडी रचली. तिच्यावर सकाळीं भांडें चढवून तो कामावर जाई आणि संध्याकाळीं येऊन जेवी. यंत्ररचनाकाराची उपासमारहि रचनेवांचून जात नाहीं!

मॉडस्ले त्याला जें शिकवी, त्याचें सार नास्मिथनें दिलें आहे. करावयाची वस्तु आधीं मनांत पूर्ण स्पष्ट दिसली पाहिजे. लोखंडाचा एकेक शेर हातीं धरून त्याला विचारावें, कीं तूं येथें कशासाठीं आहेस? उत्तर मिळालें नाहीं तर त्याला काढावें. गुंतागुंत दिसली कीं आपलें चुकलें असें समजावें. कोपरे आंतून गोल ठेवावे, कारण भेग धारदार कोपऱ्यांतून सुरू होते. हीं वाक्यें आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस नवीं वाटणार नाहींत. कोपऱ्याशीं ताण कसा एकवटतो याचें गणित पुढें झालें, आणि तेव्हांपासून तीं पुस्तकांत आलीं. मॉडस्लेला तें गणित येत नव्हतें. त्यानें मोडलेले तुकडे पाहिले होते.

त्याच्या शिष्यांपैकीं क्लेमेंटची हकीकत मालकी कोणाची या प्रश्नाला आणखी एक पीळ देते. हा विणकराचा मुलगा. ब्रामाकडे आणि मग मॉडस्लेकडे नकाशांचा मुख्य होता. पुढें त्यानें स्वतंत्र कारखाना काढला, आणि चार्ल्स बॅबेजचें गणितयंत्र करण्याचें काम त्याला मिळालें. सरकारी पैशानें दहा वर्षें काम चाललें. १८३२ सालीं यंत्राचा सुमारें दोन हजार भागांचा एक तुकडा जुळवून झाला, आणि तो बिनचूक चालला. मग बॅबेजनें कारखाना आपल्या घराशेजारीं हालवावा म्हटलें, क्लेमेंटनें त्याचा मोबदला मागितला, पैशांवरून तंटा झाला आणि १८३३ सालीं काम थांबलें. नकाशे आणि तयार भाग बॅबेजला मिळाले. परंतु या कामासाठीं मुद्दाम केलेलीं हत्यारें आणि लेथी क्लेमेंटनेंच ठेविल्या. धंद्याचा रिवाज तसाच होता: पैसा कोणाचाहि असो, हत्यार कारागिराचें. बॅबेजचा संताप आजवर पुष्कळांनीं आपला मानला आहे. आम्हांस मात्र तीस शिलिंगांवर आठ वर्षें काढून रिकाम्या हातानें बाहेर पडलेला मॉडस्ले आठवतो, आणि क्लेमेंटनें त्या गोष्टीपासून कांहीं बोध घेतला असावा असें वाटतें. सरकारचे सतरा हजार पौंड मात्र गेले. त्या काळच्या कारागिरीला तें यंत्र पेलण्यासारखें नव्हतें, असें पुढें बरींच वर्षें म्हणत. परंतु बॅबेजनें मागाहून रचलेलें दुसरें गणितयंत्र विज्ञान-संग्रहालयानें १९९१ सालीं त्याच काळच्या अचूकतेची मर्यादा पाळून करविलें, आणि तें चाललें. तेव्हां यंत्र अडलें तें लोखंडापाशीं नव्हे.

मॉडस्ले १८३१ च्या फेब्रुवारींत वारला. फ्रान्समध्यें एका आजारी मित्राला भेटून परत येतांना खाडींत त्याला थंडी बाधली. त्याला वुलविच येथें, ज्या शस्त्रागारांत तो काडतुसें भरीत असे त्याच्या जवळच्या चर्चच्या आवारांत पुरलें. त्याचें थडगें दगडाचें नव्हतें. ओतीव लोखंडाचें होतें. लॅम्बेथच्या त्याच्याच कारखान्यांत तें ओतलेलें होतें, आणि त्याचा नकाशा त्यानें स्वतः काढून ठेविला होता.